काखेतल्या धमनीच्या शाखा: पुस्तकातले चित्र आणि टेबलावरचा हात

शारीर_अध्यापिका, परळ (धागाकर्ती)

गेल्या मंगळवारी आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये चार नंबरच्या टेबलावरचे विद्यार्थी डाव्या काखेचे विच्छेदन करत होते. दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्यापैकी एकीने मला बोलावले आणि जरा घाबरतच सांगितले, की धमनीच्या तिसऱ्या भागातून तीन शाखा निघायला हव्यात, पण आम्हाला दोनच दिसत आहेत. चरबी काढताना आमच्याच हातून एक कापली गेली असावी. मी हातमोजे चढवले आणि चिमट्याने धमनीभोवतीचे आवरण बाजूला केले. कापलेले टोक कुठेच नव्हते. धमनीच्या मागच्या अंगाने एकच जाड खोड निघाले होते आणि जेमतेम दोन सेंटिमीटरवर त्याला तीन फाटे फुटले होते. पहिला फाटा खवाट्याच्या कडेने खाली गेला होता, दुसरा ॲक्सिलरी मज्जातंतूच्या सोबतीने दंडाच्या हाडामागे शिरला होता आणि तिसरा रेडियल मज्जातंतूला चिकटून दंडाच्या मागच्या स्नायूंत उतरला होता. हा तिसरा फाटा एरवी काखेची हद्द संपल्यावर दंडाच्या धमनीतून निघतो. त्याच देहाची उजवी काख आम्ही आदल्या आठवड्यात उघडली होती आणि ती मात्र पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळत होती.

या मंचावर वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे वाचकही आहेत, म्हणून आधी मांडणी सांगते. हृदयाकडून हाताकडे जाणारी मुख्य धमनी एकच असते. हद्द बदलली की तिचे नाव बदलते. भायखळ्याकडून येणारा डॉ. आंबेडकर रस्ता शीवच्या पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग होतो, त्यातलाच हा प्रकार. गळपट्टीच्या हाडामागे ती सबक्लेव्हियन असते, पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की ॲक्सिलरी होते आणि टेरिस मेजर स्नायूची खालची कड ओलांडली की ब्रेकियल, म्हणजे दंडाची धमनी होते. काखेतल्या टप्प्यावरून पेक्टोरॅलिस मायनर हा छोटा स्नायू आडवा जातो आणि त्यामुळे धमनीचे तीन भाग पडतात: स्नायूच्या आधीचा, स्नायूमागचा आणि स्नायूच्या पुढचा. पाठ्यपुस्तक सांगते, की पहिल्या भागातून १, दुसऱ्यातून २ आणि तिसऱ्यातून ३ अशा एकूण ६ शाखा निघतात. पाठ करायला ही रचना इतकी सोयीची आहे, की पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ती एका दमात म्हणून दाखवतात.

प्रत्यक्षात ५ पासून ११ पर्यंत शाखा नोंदल्या गेल्या आहेत. डीगॅरिस आणि स्वार्टली या दोघांनी १९२८ मध्येच या धमनीच्या शाखांच्या मांडणीचे २३ प्रकार वर्णन केले होते आणि १९५९ मध्ये ह्यूल्के यांनी प्रत्येक शाखा नेमकी कुठून उगवते याचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्याही आधी, १८४४ मध्ये, लंडनच्या रिचर्ड क्वेन यांनी शरीरातल्या धमन्यांचा जो मोठा चित्रसंग्रह काढला, त्याचा सगळा भर अशा भेदांवरच होता. त्यातली चित्रे काढणारे जोसेफ मॅक्लीज स्वतः शल्यचिकित्सक होते. म्हणजे माहिती नवी नाही. वर्गात मात्र आपण तिला एका ओळीत उरकतो.

खवाट्याकडे जाणारी सबस्कॅप्युलर ही या धमनीची सर्वांत मोठी शाखा आणि सर्वाधिक भेदही तिच्याच भोवती आढळतात. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालणारी शाखा आणि सबस्कॅप्युलर यांचे खोड सामाईक असणे हे तर इतके वेळा दिसते, की त्याचे आश्चर्य वाटू नये. छातीच्या कडेने उतरणारी लॅटरल थोरॅसिक कधी सबस्कॅप्युलरमधून, कधी छाती-खांद्याकडे जाणाऱ्या थोरॅकोॲक्रोमियल शाखेतून निघते. मागून वळसा घालणारी शाखा कधी दंडाच्या खोल धमनीतून निघते, आणि तसे असले की ती खांद्यामागच्या स्नायूंमधल्या चौकोनी फटीतून जात नाही, टेरिस मेजरच्या खालून वळून वर चढते. त्या फटीत तिला शोधणारा विद्यार्थी मग एकट्या मज्जातंतूकडे बघत बसतो.

असे का होते, याचे उत्तर गर्भात आहे. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हाताचा अंकुर फुटतो, तेव्हा त्यात ठळक धमन्या नसतात. केशवाहिन्यांचे एक जाळे असते. शिवडीच्या खाडीकाठी ओहोटीला चिखलावर पाण्याच्या असंख्य बारीक वाटा उमटतात, त्यांतल्या ज्यांतून पाणी वाहत राहते त्या खोल होतात आणि बाकीच्या बुजतात. जाळ्याचेही तसेच होते. रॉड्रिगेझ-नीडेनफ्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ११२ मानवी भ्रूणांच्या अभ्यासातून हेच दाखवले, की धमन्या महाधमनीकडून हाताच्या टोकाकडे टप्प्याटप्प्याने जाळ्यातूनच घडत जातात आणि आठव्या आठवड्यापर्यंत नकाशा जवळजवळ पक्का होतो. जाळ्यातली दुसरी एखादी वाट टिकली, की जन्मभरासाठी वेगळी मांडणी मिळते. रक्त पोहोचायचे तिथे पोहोचते, म्हणून त्या माणसाला याचा कधी पत्ताही लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या मांडणीला आपण "विसंगती" म्हणणे सोडावे आणि "भेद" म्हणावे. ज्या मांडणीत बिघाड नाही, जी इतक्या सहज आढळते, तिला विसंगती म्हटले की विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवतो. चार नंबरच्या टेबलावरची मुलगी समोर दिसत असलेल्या गोष्टीसाठी माझी क्षमा मागत होती. मला ते फार लागले.


भूलतज्ज्ञ_दादर

मॅडम, आपला लेख वाचून मला माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट सांगावीशी वाटली. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही काखेत भूल देतो, तेव्हा मीडियन, अल्नर आणि रेडियल हे तीन मज्जातंतू धमनीच्या भोवती कुठे असतील, या अंदाजावर सगळे काम चालते. पूर्वी धमनीचा ठोका बोटाखाली धरून सुई घालत असत. आता सोनोग्राफीचा प्रोब काखेत ठेवला, की धमनीचे गोल काळे वर्तुळ दिसते आणि भोवती मधाच्या पोळ्यासारखे मज्जातंतू दिसतात. परंतु काही रुग्णांत एकाऐवजी दोन ठोके देणारी वर्तुळे दिसतात, कारण धमनी वरच दुभंगलेली असते, आणि अशा वेळी त्यांतली एक मीडियन मज्जातंतूच्या पुढून जात असते. नवख्या डॉक्टरला ती शीर वाटण्याचा धोका असतो. मी शिकाऊ डॉक्टरांना एकच सवय लावतो: प्रोबने हलके दाबून पाहा. शीर लगेच चपटी होते, धमनी दाबाखालीही ठोका देत राहते. त्यानंतर रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंगीत डॉप्लर लावून खात्री करा आणि मगच सुई उचला.


प्रथम_वर्ष_एमबीबीएस

मॅडम, चार नंबरच्या टेबलावर मी नव्हते, पण माझ्या बाबतीत याच्या उलट घडले आहे. आमच्या अंतर्गत तोंडी परीक्षेत मला काखेच्या धमनीची आकृती काढायला सांगितली. माझ्या टेबलावरच्या देहात लॅटरल थोरॅसिक ही सबस्कॅप्युलरमधून निघत होती आणि आठ दिवस मी तीच पाहत असल्यामुळे मी तशीच काढली. परीक्षकांनी आकृतीवर लाल रेघ मारली. मी टेबलाकडे बोट दाखवले, तेव्हा "पुस्तक काय म्हणते ते सांगा" असे उत्तर मिळाले. गुण गेल्याचे फारसे वाटत नाही, परंतु तेव्हापासून मला खरोखर कळेनासे झाले आहे, की जर्नलमध्ये काय काढायचे: जे दिसते ते, की जे अपेक्षित आहे ते?


शारीर_अध्यापिका, परळ

दोन्ही काढावे, आणि एकाच पानावर शेजारी शेजारी काढावे. डावीकडे नेहमी शिकवली जाणारी मांडणी, उजवीकडे तुमच्या टेबलावरची, आणि खाली देहाचा क्रमांक, डावी की उजवी बाजू आणि तारीख. परीक्षेत आधी पुस्तकी मांडणी सांगून लगेच "माझ्या टेबलावर असे आढळले" हे वाक्य जोडावे. परीक्षकांनी चार पावले टेबलापर्यंत जायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते. आपण त्या वेळी टेबलाकडे बोट दाखवलेत, हे अगदी योग्य केलेत.


शल्यविशारद_माटुंगा

मी प्लास्टिक सर्जरीत आहे आणि धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याशी सहमत आहे, पण शब्दाच्या आग्रहाशी पूर्णपणे नाही. उजवी सबक्लेव्हियन धमनी काही लोकांत महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून निघते आणि अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, परंतु काहींना घास गिळताना अडते. डेव्हिड बेफर्ड यांनी १७९४ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. जी मांडणी त्रास देऊ शकते, तिच्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवायला हवा, अन्यथा सगळेच "भेद" म्हणून एका रांगेत बसेल आणि ज्याकडे लक्ष द्यायला हवे तेही सुटेल.

आता काखेकडे येतो. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू स्तनाच्या पुनर्रचनेसाठी वापरला जातो. इटलीतल्या तान्सिनी यांनी १९०६ मध्ये हे तंत्र मांडले. तो स्नायू आम्ही ज्या देठावर फिरवून पुढे आणतो, तो देठ म्हणजे सबस्कॅप्युलरचीच थोरॅकोडॉर्सल शाखा. देठ जितका लांब, तितका स्नायू सैलपणे छातीपर्यंत पोहोचतो, आणि लांबी मिळवण्यासाठी आम्ही वर वर सोडवत जातो. धागाकर्तीने वर्णन केलेले सामाईक खोड असेल, तर याच वरच्या टप्प्यात खरी काळजी घ्यावी लागते, कारण सबस्कॅप्युलर समजून ते खोड बांधले, तर खांद्याच्या सांध्याकडे आणि दंडाच्या मागच्या भागाकडे जाणारे रक्तही बंद होईल. म्हणून माझा नियम असा आहे, की प्रत्येक फाटा कुठे शिरतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही खोडाला गाठ मारायची नाही. शस्त्रक्रिया वीस मिनिटांनी लांबली तरी चालते.

खांद्याच्या सांध्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. दंडाच्या हाडाच्या डोक्याला मुख्यतः पुढून वळसा घालणारी धमनीच रक्त देते, असे आम्ही शिकलो होतो. २०१० मध्ये हेट्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले, की ६४ टक्के पुरवठा मागून वळसा घालणाऱ्या धमनीचा असतो. ज्या शाखेचा उगम इतका बदलतो तीच हाडाला सर्वाधिक रक्त देते, ही गोष्ट खांद्याचे अस्थिभंग हाताळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी.


शारीर_अध्यापिका, परळ

आपला आक्षेप मला मान्य आहे. अन्ननलिकेमागून जाणाऱ्या धमनीला मीही निव्वळ भेद म्हणणार नाही. माझा आग्रह काखेतल्या त्या मांडण्यांपुरता ठेवते, ज्या निरोगी देहात नित्य दिसतात.

आपल्या गाठीच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. खवाट्याभोवती धमन्यांचे एक कडे असते: सबक्लेव्हियनच्या बाजूने येणाऱ्या सुप्रास्कॅप्युलर आणि डॉर्सल स्कॅप्युलर या धमन्या सबस्कॅप्युलरच्या वळणाऱ्या फाट्याशी तिथे जुळतात. मुख्य धमनी सबस्कॅप्युलरच्या उगमाच्या वर बांधावी लागली, तरी या कड्यातून उलट दिशेने रक्त येऊन हात वाचू शकतो. उगमाच्या खाली बांधली, तर ही वाट उपयोगी पडत नाही. मात्र सबस्कॅप्युलर कधी दुसऱ्या भागातूनच, स्नायूमागून, निघते. तेव्हा "तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला बांधा" हा पाठ केलेला सल्ला त्या हाताला लागूच पडत नाही. उगम पाहूनच जागा ठरवावी लागते.


मुलुंडकर

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून सुरू केली होती. तार दंडापर्यंत गेली आणि पुढे सरकेना. वडिलांना दंडात जोरदार कळ आली आणि शेवटी जांघेतून तपासणी पूर्ण केली. दंडावर आठवडाभर काळेनिळे होते. असे का झाले, हे त्या रुग्णालयात आम्हाला कोणीही समजावून सांगितले नाही. "नस वाकडी आहे" एवढेच ऐकायला मिळाले. हा धागा वाचून विचारावेसे वाटते, की हा काही आजार आहे का, आणि आम्हा भावंडांनीही तपासून घ्यावे का?


कॅथलॅब_तंत्रज्ञ

काका, अहवाल आणि चित्रफीत पाहिल्याशिवाय नेमके कारण सांगता येणार नाही, पण आपण वर्णन केलेला प्रसंग आमच्या ओळखीचा आहे. मनगटात जिचा ठोका आपण बघतो ती रेडियल धमनी बहुतेकांत कोपराजवळ सुरू होते. काहींत ती वर दंडात किंवा थेट काखेतूनच निघते. मॅककॉर्मॅक, कॉल्डवेल आणि ॲन्सन यांनी १९५३ मध्ये ७५० हातांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शंभरातल्या सुमारे १४ हातांत रेडियलचा उगम असा वर होता. अशी धमनी लांब आणि बारीक असते, तार घुसली की आकसते, आणि ती आकसली की रुग्णाला दंडात कळ येते. हा आजार नाही. मनगटातून हृदयाच्या धमन्यांची तपासणी काम्पो यांनी १९८९ मध्ये मांडली आणि त्यानंतर काही वर्षांतच नेदरलँड्समध्ये किमेनेय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. ही पद्धत सर्वत्र रुळल्यानंतरच काखेतले हे भेद जिवंत माणसांत वारंवार आमच्यासमोर येऊ लागले.

तार अडली, की जोर न लावता क्ष-किरणात दिसणारा थोडा डाय सोडून वाट पाहून घ्यावी, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. आपण त्या तपासणीची सीडी आणि अहवाल जपून ठेवा आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांना उजव्या हाताचा हा अनुभव आधी सांगा. दोन हातांची मांडणी पुष्कळदा वेगळी असते, त्यामुळे डावे मनगट चालू शकेल. पुढे डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेची जोड, करण्याची वेळ आली, तरीही ही माहिती शल्यचिकित्सकांना उपयोगी पडेल. केवळ या कारणासाठी आपण भावंडांनी कोणतीही तपासणी करून घेण्याची गरज नाही.


मुलुंडकर

मनापासून आभार. वडिलांना आत्ताच वाचून दाखवले. तीन वर्षे ते समजत होते, की आपल्या हातातही अडथळा आहे.


परिचारिका_शीव

"नस" या शब्दाबद्दल थोडे लिहिते. आमच्या वॉर्डात रुग्ण शिरेला नस म्हणतात, धमनीला नस म्हणतात, मज्जातंतूलाही नसच म्हणतात. त्यामुळे "नस वाकडी आहे" या वाक्यातून नातेवाइकांना काहीच कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. समजावून सांगण्याची जबाबदारी आमच्या बाजूची आहे.

सलाइन लावणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठीही एक सूचना. काही हातांत अल्नर, म्हणजे करंगळीच्या बाजूची धमनी दंडात किंवा काखेतच वेगळी होते आणि कोपराच्या खोलगट भागात अगदी कातडीखालून जाते. ती ठळक शिरेसारखीच दिसते. तिच्यात चुकून औषध गेले, तर बोटे काळी पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून पट्टा आवळण्याआधी त्या जागी दोन बोटे ठेवून ठोका लागतो का ते पाहावे. पट्टा आवळल्यावर ठोका मंद होतो आणि फसगत होते. मी नव्या मुलींना हे करून दाखवते, आधी स्वतःच्या हातावर आणि मग त्यांच्या.


शारीर_अध्यापिका, परळ

ताई, ही सूचना मी सोमवारी वर्गात आपल्याच शब्दांत सांगणार आहे.

चार नंबरच्या टेबलाचे पुढचे काम येथे नोंदवते. शुक्रवारी आम्ही देह पालथा करून खवाट्याची मागची बाजू उघडली. वर टेरिस मायनर, खाली टेरिस मेजर, आतल्या अंगाला ट्रायसेप्सचे लांब डोके आणि बाहेर दंडाचे हाड, अशी ती चौकोनी फट साफ केली, तेव्हा दुसरा फाटा मज्जातंतूसह नेमका तिथूनच बाहेर येताना दिसला. या देहाच्या धमन्यांत जतन करतानाच शेंदूर भरलेला असल्यामुळे बारीक फाटेही केशरी रेघेसारखे उठून दिसत होते. मग विद्यार्थ्यांनी ओला दोरा धमनीवर धरून पहिल्या बरगडीच्या कडेपासून सामाईक खोडाच्या उगमापर्यंतचे अंतर घेतले, दोरा पट्टीवर ताणून आकडा लिहिला, खोडाचा व्यास कॅलिपरने तीनदा मोजला आणि मीडियन मज्जातंतूची दोन मुळे धमनीच्या पुढेच जुळतात, हेही पाहून ठेवले. शिरा मी या वेळी काढू दिल्या नाहीत. नीट दिसावे म्हणून त्या सवयीने कापून टाकल्या जातात, आणि नंतर त्या कोणत्या फाट्यासोबत होत्या हे सांगायला कोणीच उरत नाही.

महाराष्ट्रात बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद १९४९ च्या शारीर अधिनियमाने केली, परंतु हा देह मरणोत्तर देहदानाचा आहे. एका वृद्ध गृहस्थांनी स्वहस्ते अर्ज भरून ठेवला होता. त्यांच्या डाव्या काखेची आकृती, मापे आणि छायाचित्रे विभागाच्या नोंदवहीत लावली आहेत. आकृतीखाली ती काढणाऱ्या विद्यार्थिनीची सही आहे. शाखा आपल्या हातून कापली गेली असे जिला मंगळवारी वाटले होते, तीच ही विद्यार्थिनी.